गॉगल शोभेचा की गरजेचा?

२०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर डोळे येण्याची मोठी साथ आली होती, ती वाचकांना आठवत असेल. सातारा, कराड, सांगली, मिरज, कुठेही जा, एस.टी. स्टँडवर, बाजारात, शाळेच्या दारात काळे चष्मेच काळे चष्मे दिसत होते. ज्यांनी उभ्या आयुष्यात कधी गॉगल लावला नव्हता अशा आजीबाईसुद्धा नऊवारी लुगड्यावर नातवाचा गॉगल चढवून बिनदिक्कत गिरणीवर दळण आणायला जात होत्या. कुणी कुणाला हसले नाही. साथ ओसरली आणि सारे गॉगल पुन्हा फळीवर जाऊन बसले.

गंमत अशी की डोळे आल्यावर गॉगलचा उपयोग तसा थोडाच. डोळे आलेल्या माणसाकडे नुसते पाहिल्याने डोळे येत नाहीत. ते येतात हात, रुमाल, टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यामार्फत. गॉगलमुळे उजेडाचा त्रास कमी होतो आणि हात वारंवार डोळ्याकडे जात नाही, इतकेच. म्हणजे जिथे फायदा थोडा तिथे आपण सगळ्यांनी गॉगल लावला. आणि जिथे फायदा मोठा, त्या रोजच्या उन्हात मात्र आपण तो लावत नाही. का? तर 'लोक काय म्हणतील?'

आजच्या लेखात मला या संकोचाबद्दलच लिहायचे आहे. गॉगल ही चैन नाही. चप्पल आणि टोपीसारखी ती रोजची वस्तू आहे. ती आधी डोळ्यांसाठी पारखून घ्यावी आणि मग आपल्या चेहऱ्याला व रोजच्या कपड्यांना शोभेल अशी निवडावी. शोभेचा मुद्दा मी मुद्दाम घेतो आहे. जी वस्तू अंगावर परकी वाटते ती माणूस दोन दिवस वापरतो आणि तिसऱ्या दिवशी ठेवून देतो. डॉक्टरने कितीही सांगितले तरी!

ऑपरेशनचा चष्मा आणि हिरोचा गॉगल

आपल्या भागात काळ्या चष्म्याचे दोनच अर्थ आहेत. पहिला, मोतीबिंदूचे ऑपरेशन. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. पुढे १९९४ नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू शस्त्रक्रियांची मोठी मोहीम निघाली, त्यात महाराष्ट्र होता. गावोगाव शिबिरे झाली. डोळ्याला हिरवी पट्टी आणि नंतर काळा चष्मा, हे चित्र घराघरांत पोचले. त्यामुळे वडीलधाऱ्या माणसाने गॉगल लावला की पहिला प्रश्न येतो, "आबा, कधी केलं ऑपरेशन?"

दुसरा अर्थ म्हणजे सिनेमातला हिरो. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मधला झीनत अमानचा मोठ्या काचांचा चष्मा असो, की २०१० च्या 'दबंग'मध्ये शर्टाच्या कॉलरला मागे अडकवलेला सलमान खानचा गॉगल असो, ते पाहून तरुणांनी गॉगल घेतले. त्यात वाईट काही नाही. पण त्यामुळे गॉगल म्हणजे शायनिंग, असे समीकरण होऊन बसले. एकीकडे आजारी माणूस आणि दुसरीकडे हिरो. मधल्या साध्या कष्टकरी माणसासाठी गॉगल उरलाच नाही.

वास्तविक ज्या आकारांना आज आपण फॅशन म्हणतो ते गरजेपोटी जन्मले आहेत. उत्तर ध्रुवाजवळचे इन्युइट लोक बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हापासून बचाव करण्यासाठी हाडाला किंवा लाकडाला बारीक चीर पाडून ती डोळ्यांवर बांधत. काच नाही, रंग नाही. पण काम चोख. आपण ज्याला 'पायलट गॉगल' म्हणतो तो 'एव्हिएटर' खरोखरच वैमानिकांसाठी निघाला. उंचावरच्या प्रखर उजेडाने अमेरिकन वैमानिकांच्या डोळ्यांना त्रास होई, म्हणून १९३० च्या दशकात बॉश अँड लॉम्ब कंपनीने हिरवट काचांचा हा चष्मा तयार केला आणि १९३७ पासून तो 'रे-बॅन' या नावाने लोकांत आला. त्याच्या काचा खाली थेंबासारख्या उतरत्या आहेत, त्या नखऱ्यासाठी नाहीत. वैमानिक मान न हलवता समोरची यंत्रे पाहण्यासाठी नजर खाली वळवतो, तेव्हाही डोळा काचेआडच राहावा, ही त्यामागची सोय. १९५२ सालचा जाड प्लॅस्टिकच्या चौकटीचा 'वेफेअरर' हा दुसरा सदाबहार आकार. त्याची रुंद काडी बाजूने येणारा उजेड बऱ्यापैकी अडवते. म्हणजे हे आकार इतकी वर्षे टिकले ते केवळ दिसायला बरे म्हणून टिकले नाहीत. ते उपयोगी आहेत म्हणूनही टिकले.

ऊन डोळ्याला काय करते?

सूर्यप्रकाशात आपल्याला न दिसणारे अतिनील किरण असतात. ते किती तीव्र आहेत हे सांगणारा एक निर्देशांक आहे. त्यात ११ आणि त्यापुढचा आकडा म्हणजे सर्वांत धोक्याची पातळी. सांगली आणि सातारा हे साधारण सतराव्या अक्षांशाच्या आसपास आहेत. मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे 'शून्य सावलीचा दिवस' येतो, त्या दिवशी दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी आपल्याकडे हा निर्देशांक ११ च्या पुढे सहज जातो. शिवाय दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे. तिथली हवा गार, त्यामुळे ऊन लागत नाही असे वाटते; पण गारवा वेगळा आणि किरण वेगळे. कासच्या पठारावर फुले पाहायला जाणारे, यवतेश्वरच्या घाटात मॅरेथॉनसाठी धावणारे आणि वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची देखभाल करणारे, या सर्वांनी हे ध्यानात ठेवावे. पातळ ढग असले तरी त्यांतून हे किरण बहुतांशी खाली येतातच.

या किरणांनी दोन त्रास प्रामुख्याने संभवतात. पहिला मोतीबिंदू. अमेरिकेच्या चेसापीक उपसागरातील ८३८ कोळी बांधवांची पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या डोळ्यांनी आयुष्यभरात दुप्पट अतिनील किरण सोसले, त्यांना एका प्रकारच्या मोतीबिंदूचा धोका १.६ पट आढळला. मोतीबिंदूने जगात जेवढे लोक अंध होतात त्यांपैकी १० टक्क्यांपर्यंत अंधत्व उन्हाच्या किरणांमुळे असू शकेल, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. वय, मधुमेह, तंबाखू ही कारणे आहेतच. गॉगल लावला म्हणजे मोतीबिंदू होणारच नाही असे कोणी समजू नये. पण जे कारण काही शे रुपयांत कमी करता येते ते का करू नये?

दुसरा त्रास म्हणजे डोळ्यात मांस वाढणे. काही जण त्याला वडस म्हणतात. नाकाच्या बाजूने एक लालसर पडदा बुबुळाकडे सरकत येतो. डोळा लाल राहतो, खुपतो, आणि पडदा फारच पुढे आला तर नजरेवर परिणाम होतो. उन्हात, वाऱ्यात आणि धुळीत काम करणाऱ्यांत तो जास्त दिसतो. माण, खटाव, जत, कवठेमहांकाळ या भागांतून येणाऱ्या मेंढपाळ आणि शेतकरी रुग्णांत मी तो नेहमी पाहतो. तो बहुधा नाकाच्या बाजूलाच का वाढतो, याचेही एक कारण सांगितले जाते. डोळ्याच्या बाहेरच्या अंगाने तिरका आलेला उजेड बुबुळाच्या गोलाईमुळे वळतो आणि आतल्या कोपऱ्यावर एकवटतो. यातून गॉगल निवडण्याचा एक महत्त्वाचा धडा मिळतो: समोरून अडवणारी काच पुरेशी नाही, बाजूही झाकली पाहिजे.

आणखी एक नवल वाटेल अशी गोष्ट. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना भुवई आणि कपाळाचे हाड डोळ्यावर सावली धरते. सकाळी आठ ते दहा आणि दुपारी दोन ते चार या वेळात मात्र तिरपे ऊन थेट डोळ्यात शिरते. जपानमधील संशोधकांनी पुतळ्याच्या डोळ्यांत किरण मोजणारी उपकरणे बसवून हे दाखवून दिले आहे. आता आपल्या शेतकऱ्याचे वेळापत्रक पाहा. भांगलण, फवारणी, द्राक्षबागेतली विरळणी, सारी कामे 'ऊन तापायच्या आत' सकाळी आणि ऊन कलल्यावर दुपारनंतर! अंगाला ते बरोबरच आहे. पण डोळ्यांची तीच खरी कसोटीची वेळ.

आणि आपले डोक्यावरचे वस्त्र? रुंद काठाच्या हॅटने डोळ्यांवर पडणारे किरण साधारण निम्म्याने कमी होतात. पण आपल्या गांधी टोपीला काठ नाही, पटक्याला नाही आणि डोईवरच्या पदरालाही नाही. डोके झाकले, डोळे उघडेच राहिले.

उसाची पात आणि डोळ्यातले फूल

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत उन्हाइतकाच दुसरा शत्रू आहे, तो म्हणजे डोळ्याला होणारी इजा. उसाची धारदार पात, पाचटाचा कण, मळणीतले कुसळ, मोटारसायकलवर डोळ्यात शिरलेले चिलट. या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण पातीने बुबुळावर बारीक ओरखडा उठला की त्यातून बुरशी शिरते, जखम चिघळते आणि डोळ्यात कायमचे फूल पडते. मदुराई येथे बुबुळावरच्या जखमेच्या ४३४ रुग्णांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे ६५ टक्के रुग्णांना आधी डोळ्याला काहीतरी लागलेले होते; आणि ज्यांच्या जखमेत जंतू सापडले त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत बुरशी होती. अशा वेळी मेडिकलमधून मनाने थेंब आणून टाकणे घातक ठरते, कारण त्यात स्टिरॉइड असले तर बुरशीला रानच मोकळे मिळते.

मोतीबिंदूवर ऑपरेशन आहे. पण फूल पडलेल्या डोळ्याला अनेकदा दुसऱ्याने मरणोत्तर दान केलेल्या बुबुळाचीच वाट पाहावी लागते. ऊस तोडणाऱ्याने किंवा पाला काढणाऱ्याने चष्म्यासारखी साधी आडकाठी डोळ्यावर ठेवली तर यातल्या कितीतरी इजा टळतील. मात्र उंच उसाच्या फडात आत अंधारच असतो. तिथे काळा गॉगल लावून कोयता चालवणे धोक्याचे. तिथे पांढऱ्या, म्हणजे रंग नसलेल्या प्लॅस्टिकचा, बाजू झाकणारा चष्मा लावावा. तो अतिनील किरणही बऱ्याच प्रमाणात अडवतो.

गॉगल घेताना काय पाहाल?

पहिली गोष्ट, काच किती काळी आहे यावर जाऊ नका. काळा रंग उजेड अडवतो. अतिनील किरण अडवणे हे वेगळे काम आहे. ते काचेच्या पदार्थावर आणि तिच्यावरच्या लेपावर अवलंबून असते. काच गडद असली की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि आपण डोळे बारीक करण्याचे थांबवतो. अशा वेळी काच किरण अडवणारी नसली, तर उघड्या डोळ्यापेक्षाही जास्त किरण आत जाण्याची शक्यता राहते. म्हणून 'यूव्ही ४००' असे लिहिलेले पाहावे. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण ती काच अडवते, असा त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट, हे चार अक्षरांचे लेबल कोणीही छापू शकतो. म्हणून शक्यतो चष्म्याच्या दुकानातून घ्यावा आणि दुकानदाराला मीटरवर तपासून दाखवायला सांगावे. बऱ्याच दुकानांत असे छोटे यंत्र असते. एक ढोबळ घरगुती युक्तीही आहे. नोटा तपासण्याचा निळा दिवा घ्यावा. त्याच्या उजेडात नोटेवरचे काही धागे चमकतात. दिवा आणि नोट यांच्या मध्ये गॉगलची काच धरावी. चमक जवळजवळ गेली तर काच किरण अडवते आहे असे समजायला हरकत नाही. दिव्याकडे मात्र टक लावून पाहू नये.

तिसरी गोष्ट, किंमत. महाग गॉगल म्हणजे जास्त संरक्षण, हा समज चुकीचा आहे. पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक मुळातच बहुतेक अतिनील किरण शोषून घेते, त्यामुळे साध्या किमतीचा गॉगलही चांगला निघू शकतो. नावाचे पैसे वेगळे आणि संरक्षणाचे वेगळे. नाव घ्यायचे की नाही हे ज्याने त्याने खिसा पाहून ठरवावे.

चौथी गोष्ट, काचेचा रंग. राखाडी, तपकिरी आणि हिरवट हे तीन रंग रोजच्या वापराला उत्तम. राखाडी काचेतून रंग आहेत तसे दिसतात. तपकिरी काचेतून उंचसखल जागा आणि रस्त्यावरचे खड्डे अधिक स्पष्ट दिसतात. लाल, निळ्या, जांभळ्या काचा गाडी चालवताना नकोत, सिग्नलचे दिवे ओळखताना घोटाळा होतो. अगदी गडद, डोंगरावरच्या बर्फासाठी बनवलेले गॉगल वाहन चालवताना वापरू नयेत. आणि रात्री तर कोणताच रंगीत गॉगल नको, मग जाहिरातीत काहीही म्हटलेले असो.

पाचवी गोष्ट, पोलराइज्ड काच. पुणे-बंगळूर महामार्गावर डांबरावरून किंवा समोरच्या गाडीच्या काचेवरून डोळ्यावर येणारी चकाकी ती चांगली मारते. ट्रक-ट्रॅव्हल्सचे चालक, मोटारसायकलवाले, नदीत मासेमारी करणारे यांनी ती जरूर घ्यावी. पण पोलराइज्ड म्हणजे आपोआप यूव्ही संरक्षण नव्हे. ते वेगळे विचारून घ्यावे.

सहावी आणि सोपी परीक्षा. गॉगल हातभर लांब धरून त्यातून दाराची चौकट किंवा फरशीची सरळ रेघ पाहा आणि गॉगल हळूहळू हलवा. रेघ वाकडी झाली किंवा थरथरली तर काच सदोष आहे. असा गॉगल लावला की डोके दुखते, आणि मग माणूस म्हणतो, "मला गॉगल सोसत नाही."

नंबर असलेल्यांनी त्याच नंबरच्या रंगीत काचा करून घ्याव्यात किंवा चष्म्यावर अडकवायच्या काळ्या काचा घ्याव्यात. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा रानात आणि दुचाकीवर छान. मोटारीत मात्र त्या फारशा काळ्या होत नाहीत, कारण गाडीची पुढची काचच अतिनील किरण अडवते.

चेहरा, कपडे आणि गॉगल

आता शोभेकडे वळू. गोल चेहऱ्याला चौकोनी, जरा कोनाची फ्रेम बरी दिसते, म्हणजे वेफेअररसारखी. चौकोनी, रुंद जबड्याच्या चेहऱ्याला पायलट किंवा गोलसर फ्रेम. लांबट चेहऱ्याला उंचीने मोठी फ्रेम. बसक्या नाकाला धातूची, नाकावरच्या गाद्या हलवता येणारी फ्रेम, नाही तर गॉगल सारखा घसरतो. नियम एकच लक्षात ठेवला तरी पुरे: वरची कड भुवईला टेकलेली असावी, खालची कड गालावर रुतू नये आणि काडी कानामागे दुखू नये.

पांढरा नेहरू शर्ट, पायजमा किंवा धोतर आणि टोपी, असा पोशाख असलेल्यांना मी बारीक सोनेरी किंवा काळ्या तारेची, हिरवट काचेची पायलट फ्रेम सुचवतो. तार पातळ असल्याने टोपी किंवा पटका कानावर दाबत नाही. पोशाखाच्या साधेपणाला ती साजते आणि 'हिरोगिरी' वाटत नाही. शर्ट-पँट घालून कचेरीत, शाळेत, बँकेत जाणाऱ्यांना काळी किंवा गडद तपकिरी जाड फ्रेम सगळ्या रंगांच्या कपड्यांवर चालते. हेल्मेट घालणाऱ्यांनी सरळ, पातळ काडीची घ्यावी. आधी हेल्मेट, मग गॉगल, म्हणजे काडी मोडत नाही.

साडी नेसणाऱ्या बायकांना तपकिरी, कासवाच्या पाठीसारख्या चट्ट्यांची मोठी फ्रेम फार छान दिसते. काठपदराच्या गडद साडीवरही आणि रोजच्या साध्या साडीवरही. रानात जाताना पदर किंवा स्कार्फ आधी बांधून वरून गॉगल लावावा आणि मागे दोरी बांधावी, म्हणजे वाकून काम करताना तो पडत नाही. स्कूटीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळणाऱ्या मुलींचे डोळे तेवढे उघडे असतात. त्यांनी बाजूने गोलाई घेणारा गॉगल वापरला तर धूळही अडते. आरशासारख्या चकचकीत, निळ्या-नारिंगी काचांचा मोह शक्यतो टाळावा. त्यांत दोष नाही. पण त्या सहा महिन्यांत जुन्या वाटतात, आणि साध्या माणसाला त्या लावायला लाज वाटते. सदाबहार आकाराचा फायदा हाच, की तो दहा वर्षे वापरला तरी कुणी वळून पाहत नाही.

लहान मुलांच्या डोळ्यातले भिंग मोठ्यांपेक्षा स्वच्छ असते, त्यामुळे किरण जास्त आत पोचतात. पण पुसेगावच्या यात्रेत किंवा गावच्या जत्रेत मिळणारे रंगीत खेळण्यातले गॉगल त्यांना उन्हात लावू नका. टोपी आणि तपासून घेतलेला गॉगल, नाही तर नुसती टोपी बरी.

काही रीतीही सांभाळाव्यात. वडीलधाऱ्यांशी बोलताना, कुणाच्या घरी शिरताना, देवळात, सांत्वनाला गेल्यावर गॉगल काढून हातात घ्यावा. डोळ्यांना डोळे भिडवून बोलणे ही आपल्याकडची सभ्यता आहे. 'गॉगलवाला म्हणजे घमेंडखोर' हा समज आहे, त्याला गॉगलपेक्षा तो न काढण्याची सवय अधिक कारणीभूत आहे. तसेच घरात, सावलीत दिवसभर गॉगल लावू नये. त्याने डोळ्यांना अंधाराची सवय होऊन साधा उजेडही टोचू लागतो.

आणि एक स्पष्ट इशारा. सूर्यग्रहण पाहायला किंवा वेल्डिंग करायला कोणताही गॉगल चालत नाही. १९९५ च्या ग्रहणात जो इशारा दिला गेला तो आजही तितकाच खरा आहे. कुपवाड किंवा सातारच्या एम.आय.डी.सी.तल्या कामगार बंधूंनी वेल्डिंगसाठी खास काचेची ढालच वापरावी.

हसणाऱ्यांसाठी दोन शब्द

मध्यंतरी वाळवा तालुक्यातल्या एका मावशींना मी गॉगल सांगितला. दोन्ही डोळ्यांत मांस वाढत होते. त्या लाजून म्हणाल्या, "आवो डॉक्टर, गागल लावून भांगलायला गेले तर बायका हसत्याल की!" त्यांच्या शेजारी बसलेल्या मुलाच्या डोक्यावर झकास गॉगल होता. तो आईला मोटारसायकलवरून घेऊन आला होता. अर्धा तास उन्हात गाडी चालवणाऱ्याला गॉगल हवा, हे त्या घराला पटले होते. रोज आठ तास उन्हात वाकून राबणाऱ्या बाईला तो हवा, हे मात्र कुणाच्या ध्यानात आले नव्हते. मला वाटते, आपल्या सगळ्या गावांचे चित्र असेच आहे. जो कमी उन्हात, त्याच्याकडे गॉगल. जी जास्त उन्हात, तिच्या वाट्याला हसणे.

हे बदलायचे तर नुसता उपदेश पुरत नाही. महिला बचत गटांनी एकत्र खरेदी करावी. दहा जणींनी एकदम गॉगल लावले तर कोण कुणाला हसणार? २०२३ च्या साथीने ते सिद्धच केले आहे. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यांचे जाळे आहे. गळीत हंगामाच्या तोंडावर ऊसतोड मजुरांना पांढरे संरक्षक चष्मे दिले तर कारखान्यांचे फार पैसे जाणार नाहीत आणि कितीतरी डोळे वाचतील. रस्त्याच्या कामावरचे मजूर, वाहतूक पोलीस, एस.टी.चे चालक यांच्या गणवेशात गॉगल धरला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. पायात बूट सक्तीचे आणि डोळे उघडे, हा कुठला न्याय?

वाचकांनी या आठवड्यात एवढे करावे. घरात पडून असलेला गॉगल काढून जवळच्या चष्म्याच्या दुकानात तपासून घ्यावा. तो चांगला निघाला तर घरात सर्वांत जास्त वेळ उन्हात कोण असते, याचा विचार करावा आणि त्या माणसाच्या हातात तो द्यावा. डोळा लाल राहत असेल, बुबुळाकडे पडदा सरकत असेल, किंवा डोळ्याला पात लागून दुखत असेल तर मनाने थेंब न टाकता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. गॉगल कुणाला शोभतो, हा प्रश्न त्यानंतरचा. आणि त्याचे उत्तरही अवघड नाही: जो उन्हात राबतो त्याला तो शोभतोच.